शहात्तर बाइटांचा तपास : लिनक्स कर्नेलमधील एका मूक बिघाडाची हकिगत

२८ डिसेंबर २००६. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र धाडले. त्या पत्राचा विषय होता एका फाइलमधले केवळ ७६ बाइट. फाइलच्या १४४६५ क्रमांकाच्या तुकड्याच्या आरंभी १२९ हा आकडा असायला हवा होता. डिस्कवर त्या जागी शून्ये सापडली. यंत्र बंद पडले नव्हते. पडद्यावर एकही इशारा उमटला नव्हता. कर्नेलच्या लेखी सारे काही यथास्थित चालले होते.

संगणकाच्या इतिहासात मोठमोठे बिघाड पुष्कळ झाले; त्यांतले बहुतेक गाजले ते गोंगाटामुळे. ही हकिगत गोंगाट न करणाऱ्या बिघाडाची आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा कारभार त्याच्या हाती असतो. त्यातही मेमरीचे व्यवस्थापन हे सर्वांत नाजूक खाते, कारण तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला एक आभास दिला जातो : विस्तीर्ण, सलग मेमरी तुझ्या एकट्याच्या मालकीची आहे. हा आभास प्रथम उभा राहिला मँचेस्टर विद्यापीठात. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले अ‍ॅटलास हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झाले. त्याची मुख्य मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि तिच्या पाठीशी सावकाश फिरणारा, सहापट मोठा चुंबकीय ड्रम. तोवर मेमरीत काय ठेवायचे आणि ड्रमवर काय पाठवायचे, याची उस्तवार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. अ‍ॅटलासने मेमरीची ५१२ शब्दांची एकेक ‘पाने’ पाडली आणि ही ने-आण स्वतःकडे घेतली. हवे ते पान मेमरीत नसेल, तर यंत्र प्रोग्रॅमला क्षणभर थांबवी, पान आणून ठेवी आणि काम पुढे चालू करी. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नसे.

सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक धोकाही होता. पान कुठे आहे, ते कोणाचे आहे, त्यावर नवे काही लिहिले गेले आहे का, याची नोंद आता कर्नेलने ठेवायची होती. नोंद चुकली, की प्रोग्रॅम कितीही निर्दोष असला तरी त्याची माहिती बिघडणार.

मग नोंद चुकल्याचे कर्नेलच्या स्वतःच्याच लक्षात आले तर त्याने काय करावे? या प्रश्नावर दोन पंथ झाले. साठच्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. तिच्या जडणघडणीत सहभागी असलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. आपण लिहिलेल्या कोडपैकी निम्मे तरी चुकांतून सावरण्यासाठीच असते, असे त्यांनी डेनिस रिची यांना सांगितले. बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली होती आणि रिची व केन थॉम्पसन यांनी युनिक्स उभारली होती. रिचींचे उत्तर असे, की आम्ही ते सगळे गाळून टाकले. चूक आढळली की ‘पॅनिक’ नावाचे एक फंक्शन चालते, यंत्र कोसळते, आणि आम्ही व्हरांड्यात ओरडून कोणाला तरी ते पुन्हा सुरू करायला सांगतो.

हा आळशीपणा वाटेल, पण त्यात एक शहाणपण होते. बिघडलेल्या कर्नेलने काम चालू ठेवले, तर तो बिघडलेली माहितीच डिस्कवर लिहीत राहणार. त्यापेक्षा जागच्या जागी थांबलेला बरा.

लिनक्सने मधला मार्ग काढला. त्यातल्या अपघाताच्या निवेदनाला ‘ऊप्स’ असे खेळकर नाव पडले आहे. कर्नेलमध्ये चूक झाली, की शक्य असल्यास तो तेवढी एक प्रक्रिया मारतो, बाकीचा गाडा ओढत नेतो आणि जाण्यापूर्वी पंचनामा लिहून ठेवतो : कोणत्या पत्त्यावर ठेच लागली, प्रोसेसरच्या रजिस्टरांत त्या क्षणी काय होते, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते. जाणकाराला यातून बरेच वाचता येते. पत्ता शून्याच्या आसपास असेल, तर कोणी तरी रिकामा पॉइंटर वापरला. पत्त्यात ‘६बी ६बी ६बी ६बी’ अशी पुनरुक्ती दिसली, तर परत केलेल्या मेमरीला कोणी तरी पुन्हा हात लावला. कारण तपासाची सोय चालू असताना मोकळ्या झालेल्या मेमरीवर कर्नेल मुद्दाम हाच आकडा फासून ठेवतो. आणि अपेक्षित आकड्यात केवळ एक बिट उलटलेला असेल, तर कोड वाचण्यापूर्वी रॅमची चाचणी घ्यावी.

म्हणजे कोसळणे हीदेखील एक साक्षच. २००६ च्या डिसेंबरात नेमकी हीच साक्ष मिळत नव्हती.

लिनक्समध्ये मेमरीची पाने डिस्कवर पाठवण्याची सोय आली तीही एका नाताळात. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या टॉरवाल्ड्स यांना जर्मनीतल्या एका वापरकर्त्याची अडचण कळली : त्याच्या यंत्रात २ मेगाबाइट मेमरी होती आणि तेवढ्यात लिनक्सचे कोड संकलित होत नव्हते. सुट्टीत बसून टॉरवाल्ड्स यांनी ती सोय लिहिली आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. पुढच्या पंधरा वर्षांत त्या कोडमध्ये अनेक हातांची भर पडत गेली. २००६ सालचा नाताळही याच खात्यात जायचा होता, पण निर्मितीत नव्हे, तपासात.

२९ नोव्हेंबर २००६ रोजी कर्नेलची २.६.१९ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर विचित्र तक्रारी येऊ लागल्या. आर-टॉरेंट या प्रोग्रॅमने उतरवलेल्या फाइली तपासणीत नापास होत होत्या. डेबियनमध्ये प्रोग्रॅम बसवण्याचे काम करणाऱ्या ‘अ‍ॅप्ट’ची माहितीसूची खराब होत होती. तक्रारींत एआरएम प्रोसेसरची इवलीशी यंत्रेही होती, त्यामुळे एकाच जातीच्या प्रोसेसरवर खापर फोडण्याची सोय राहिली नाही.

या दोन प्रोग्रॅमांत साम्य एकच. दोघेही फाइल नेहमीच्या पद्धतीने लिहीत नव्हते. ते ती थेट आपल्या मेमरीत ‘मांडून’ घेत. एम-मॅप नावाच्या या सोयीचा आराखडा १९८३ च्या बर्कली युनिक्सच्या कागदपत्रांत आहे, पण तिथे तो कागदावरच राहिला. १९८८ च्या सन-ओएस ४.० मध्ये तो प्रत्यक्षात उतरला. या पद्धतीत प्रोग्रॅम मेमरीत लिहितो आणि तेच लेखन पुढे केव्हा तरी कर्नेल डिस्कवरच्या फाइलीत पोहोचवतो. ‘केव्हा तरी’ हा यातला कळीचा शब्द.

आर-टॉरेंटच्या वापरकर्त्यांनाच बिघाड आधी का दिसला, हेही पाहण्याजोगे आहे. टॉरेंटच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा गणिती ठसा येतो, आणि तुकडा उतरवल्यावर प्रोग्रॅम तो ठसा जुळवून पाहतो. ज्या प्रोग्रॅमांना अशी सवय नव्हती, त्यांच्या फाइलींत शून्ये शिरली असती तर ती कोणी, कधी पाहिली असती? दस्तऐवज गहाळ झाला तर निदान त्याची उणीव भासते. अस्सल दस्तऐवजातल्या दोन ओळी कोणी अलगद पुसल्या, तर मूळ प्रतीशी ताडून पाहणारा भेटेपर्यंत तो दस्तऐवज अस्सलच राहतो.

संशय कोणावर घ्यायचा, हे जणू ठरलेलेच होते. २.६.१९ मध्ये पीटर झैलस्ट्रा यांनी केलेला एक मोठा बदल आला होता आणि तो नेमका याच भागातला होता.

ज्या पानावर नवे लेखन झाले आहे, पण जे अजून डिस्कवर पोहोचलेले नाही, त्याला कर्नेलच्या परिभाषेत ‘डर्टी’, म्हणजे मळलेले पान म्हणतात. मांडलेल्या फाइलीचे पान मळले, की त्याची खूण प्रोसेसर स्वतःच पानांच्या तक्त्यात करून ठेवी, पण कर्नेलला ती फार उशिरा कळे. एखादा प्रोग्रॅम बहुतेक सारी मेमरी मळवून मोकळा होई आणि कर्नेलला त्याचा सुगावाही नसे. झैलस्ट्रा यांनी त्यावर उपाय योजला : स्वच्छ पानावर लिहिण्याची मुभाच काढून घ्यायची. प्रोग्रॅमने पहिल्यांदा लिहायचा प्रयत्न केला, की अडथळा येईल, कर्नेल जागा होईल, पान मळल्याची नोंद करील आणि मग लिहू देईल. मळलेल्या पानांची गणती आता चोख राहणार होती. कल्पना उत्तम होती. पण ती नवी होती, आणि बिघाड नवा दिसत होता. चौकशी तिच्याकडे वळणे अपरिहार्यच होते.

तपासात झैलस्ट्रा स्वतः उतरले. अँड्र्यू मॉर्टन, निक पिगिन यांच्यासारखे या खात्याचे जाणकारही होते. एकामागून एक तर्क निघाले. पानावरची मळल्याची खूण चुकीच्या वेळी पुसली जात असावी, हा त्यांतला प्रमुख तर्क. ती खूण पुसणारी फंक्शने टॉरवाल्ड्स यांनी नाताळापूर्वीच्या दिवसांत तपासली, त्यांतली संदिग्ध वाटणारी काढून टाकली, उरलेल्यांना स्पष्ट नावे दिली. कोड पूर्वीपेक्षा नीटनेटके झाले. फाइली बिघडतच राहिल्या.

अडचण मुळातली होती. ऊप्समध्ये चूक आणि तिचा शोध यांच्यात सहसा फार अंतर नसते. इथे चूक घडे एका क्षणी आणि उघडकीला येई फाइल पुन्हा वाचली जाईल तेव्हा, बऱ्याच वेळाने. तोवर घटनास्थळी लाखो घटना होऊन गेलेल्या असत. नुसते कोड वाचून प्रत्येक जण आपापल्या संशयिताकडे बोट दाखवू शकत होता, आणि प्रत्येकाचे म्हणणे तर्कशुद्धच होते.

मग टॉरवाल्ड्स यांनी पुरावा निर्माण करायचे ठरवले. त्यांनी एक छोटा चाचणी प्रोग्रॅम लिहिला. एक फाइल मेमरीत मांडायची, तिचे १४६० बाइटांचे तुकडे पाडायचे, ते टॉरेंटसारखे उलटसुलट क्रमाने भरायचे आणि शेवटी सगळी फाइल पुन्हा वाचून पडताळायची. इथरनेटवरून येणाऱ्या टीसीपीच्या नेहमीच्या पूर्ण पाकिटात १४६० बाइटच मजकूर मावतो, त्यामुळे नक्कल हुबेहूब झाली. दुसरे असे, की पान असते ४०९६ बाइटांचे आणि १४६० ने त्याला पूर्ण भाग जात नाही. साहजिकच कित्येक तुकडे दोन पानांच्या शिवेवर पडतात. प्रत्येक तुकडा त्याच्याच क्रमांकावरून काढलेल्या आकड्याने भरला जाई. १४४६५ ला २५६ ने भागले की बाकी उरते १२९. कोणत्या जागी काय असायला हवे, हे त्यामुळे कोणाला विचारावे लागत नव्हते.

आणि प्रोग्रॅमने बिघाड पकडला! आता तो हवा तेव्हा घडवून आणता येऊ लागला. सोबत टॉरवाल्ड्स यांनी कर्नेलमध्ये एक नोंदवही घुसडली : प्रत्येक पानावर काय काय घडले, ते क्रमाने लिहून ठेवणारी. ही जोडणी कुरूप आहे, असे त्यांनी स्वतःच कबूल केले. तपासाच्या हत्याराने देखणे असण्याची गरज नसते.

आता त्या ७६ बाइटांकडे परत यावे. १४४६५ गुणिले १४६० म्हणजे २,११,१८,९००; हा तुकडा फाइलमध्ये सुरू होतो ती जागा. ती येते ५१५५ क्रमांकाच्या पानावर, ४०२० व्या बाइटाला. पान संपायला तिथून उरतात बरोबर ७६ बाइट. म्हणजे तुकड्याचा जेवढा भाग या पानावर होता, तेवढाच नाहीसा झाला होता. शिवेपलीकडचे १३८४ बाइट सुखरूप होते. याच पानावर असलेला आधीचा, १४४६४ वा तुकडाही शाबूत होता. त्याला लिहिण्याचा क्रम आला होता ५१२६ वा. हरवलेल्या तुकड्याचा क्रम होता ९५०९ वा. आधीचे लेखन डिस्कवर पोहोचले, नंतरचे नाही. या दोन क्षणांच्या दरम्यान पान ५१५५ चे काय झाले, एवढाच प्रश्न आता उरला, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत होते.

समजा, एका दप्तरात दोन कारकून आहेत. पहिला मेमरी व्यवस्थापनाचा. तो अख्ख्या पानाचा विचार करतो : पान मळलेले आहे किंवा नाही. दुसरा फाइल सिस्टीमचा. तो पानातल्या खंडांची, ज्यांना बफर म्हणतात, वेगळी यादी ठेवतो : कोणता खंड डिस्कवर जायचा बाकी आहे आणि कोणता गेला. पान प्रथम मळले, की दोन्ही याद्यांत नोंद होते. इथवर ठीक.

पण ईएक्सटी-३ ही फाइल सिस्टीम स्वतःची रोजकीर्दही ठेवते. तिला जर्नल म्हणतात. तिथली नोंद पक्की करण्यापूर्वी संबंधित मजकूर डिस्कवर गेलाच पाहिजे, असा तिचा दंडक. त्यामुळे दुसरा कारकून कधी कधी आपल्या अखत्यारीत ते खंड डिस्कवर धाडतो आणि आपल्या यादीत ‘पोहोचले’ असे लिहितो. पहिल्याच्या यादीत पान मळलेलेच राहते. यातही गैर काही नाही.

आता प्रोग्रॅम त्याच पानावर पुन्हा लिहितो. पहिल्या कारकुनाच्या दृष्टीने पान अगोदरच मळलेले, लिहिण्याची मुभा चालूच. म्हणून अडथळा येत नाही आणि कोणालाही वर्दी जात नाही. दुसऱ्याच्या यादीत खंड अजून स्वच्छ. काही वेळाने पहिला कारकून म्हणतो, हे मळलेले पान डिस्कवर पाठवा. तो आपली खूण पुसतो आणि काम दुसऱ्याकडे सोपवतो. दुसरा आपली यादी पाहतो : पाठवण्यासारखे काहीच नाही. तो काहीही न पाठवता काम झाल्याचे कळवतो. पान दोन्ही याद्यांत स्वच्छ ठरते. पुढे मेमरीची चणचण भासली, की कर्नेल ते निर्धास्तपणे टाकून देतो आणि ७६ बाइट कायमचे जातात.

या साऱ्यात चुकीचे वागले कोण? एकही फंक्शन नव्हे. ‘पान लिही’ म्हटले की पूर्ण पान लिहिले जाईल, ही पहिल्याची समजूत वाजवी होती. बाकी राहिलेले तेवढेच लिहायचे, ही दुसऱ्याची रीतही योग्य आणि काटकसरीची होती. दोन खाती एकाच शब्दाचा वेगळा अर्थ लावत होती, आणि बहुतेक वेळा दोन्ही अर्थांचा परिणाम एकच येत असल्याने दीर्घकाळ कोणाला ते जाणवले नाही. दुरुस्तीच्या टिपणात टॉरवाल्ड्स यांनीही हेच नोंदवले. झैलस्ट्रा यांची कल्पना रद्द करण्याची वेळ आली नाही. मांडलेल्या फाइलींच्या हाताळणीत ज्या बारकाव्याचा विसर पडला होता, तेवढाच तिला जोडायचा होता.

दुरुस्ती २९ डिसेंबरची, म्हणजे आवृत्ती प्रसिद्ध झाल्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवसाची. तिचा गाभा दोन ओळींचा. पान डिस्कवर पाठवण्यापूर्वी त्यावर लिहिण्याची मुभा काढून घ्यायची. त्या वेळी प्रोसेसरच्या तक्त्यात लेखनाची खूण आढळली, तर संपूर्ण पान मळल्याचे पुन्हा एकदा रीतसर जाहीर करायचे, म्हणजे दुसऱ्या कारकुनाच्या यादीतही ते चढेल. मगच खूण पुसायची. जानेवारी २००७ मध्ये ही दुरुस्ती २.६.१९.२ या आवृत्तीतून वापरकर्त्यांच्या यंत्रांवर पोहोचली.

नवख्याला हे दोन ओळींचे कोड वेडेपणाचे वाटणार, हे उघड होते. मळल्याची खूण पुसण्यासाठी लिहिलेले फंक्शन पुसण्याआधी पान मळवूनच टाकते! कोणी तरी उत्साही मनुष्य पुढे ते ‘सुधारील’ आणि ७६ बाइट पुन्हा हरवतील, ही धास्ती खरीच होती. म्हणून टॉरवाल्ड्स यांनी तिथे कोडपेक्षा लांब खुलासा लिहिला आणि त्यात ‘व्हर्जिनिया’ला उद्देशून बजावले, की होय, हा वेडेपणाच आहे.

ही व्हर्जिनिया म्हणजे न्यूयॉर्कची आठ वर्षांची एक मुलगी. सांताक्लॉज खरोखर असतो का, असे तिने १८९७ साली ‘द सन’ या वृत्तपत्राला पत्राने विचारले होते, आणि संपादकीयातून तिला मिळालेले ‘असतो’ हे उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवसांत आजही आठवले जाते. कर्नेलमधल्या त्या फंक्शनचे नाव पुढे बदलले, भोवतीचे कोडही पुष्कळ बदलले. व्हर्जिनियाला दिलेले उत्तर अजून तिथेच आहे.